फाटका बूट

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सगळ्यात अवघड नोकरी कोणाची, असं विचारलं तर माझं मत चाकामागच्या सांध्याला. इंजिन आपल्या जागी बसून फिरतं, गिअरबॉक्सही जागा सोडत नाही. या सांध्याला मात्र इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचवायची असते. चाक खड्ड्यात आपटून वर-खाली झालं तरी पोचवायची असते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पार्किंगमधून काढतानाही त्यात खंड पडू द्यायचा नसतो. गॅरेजमध्ये याला सीव्ही जॉइंट म्हणतात आणि त्याच्यावर चढवलेल्या काळ्या रबरी आवरणाला बूट. पेटीच्या भात्यासारख्या वळ्या असलेलं हे आवरण काहीशे रुपयांत मिळतं आणि काही हजारांचा सांधा राखतं. ते फाटल्यावर काय होतं, आणि घरच्या घरी ते बदलावं का, हा या प्रकरणाचा विषय.

आधी सांध्याकडे पाहू, कारण तो समजला की कामातली निम्मी पथ्यं आपोआप कळतात.

अँबॅसडर किंवा कुर्ल्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांची पुढची चाकं फक्त वळायची आणि मागची फक्त ढकलायची. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना जॉइंट क्रॉस असायचे. हा सांधा जुना आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला होता, म्हणून पुस्तकांत त्याला हूकचा सांधा म्हणतात. त्याची एक खोड आहे. दोन दांडे एका रेषेत नसले की पहिला दांडा एकसारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन 30 अंशांचा असेल तर मिनिटाला 100 फेरे घेणाऱ्या दांड्यापुढचा दांडा 87 आणि 115 यांच्यामध्ये हेलकावत राहतो. प्रोपेलर शाफ्टमध्ये हे खपून जातं. तिथे कोन थोडाच असतो, शिवाय एका टोकाच्या क्रॉसने केलेला घोटाळा दुसऱ्या टोकाचा क्रॉस निस्तरतो. पण वळणाऱ्या चाकामागे असा एकच सांधा बसवला तर प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थडथडेल आणि टायर खरवडले जातील.

पुढच्या चाकांना ताकद देण्याचं स्वप्न म्हणूनच बराच काळ या सांध्यापाशी अडलं होतं. 1926 च्या सुमारास फ्रान्समध्ये पिएर फेनाय आणि झाँ-आल्बेर ग्रेग्वार यांनी ट्रॅक्टा नावाचा सांधा आणला. त्याच सुमारास फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड झेपा यांनी 1927 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो गोळ्यांच्या सांध्याचा, आणि आज आपल्या गाडीच्या चाकामागे असतो तो बहुधा त्याचाच वंशज. एका पोलादी घंटेच्या आतल्या बाजूला सहा चरे, आत बसणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्यावर तसेच सहा चरे, आणि दोहोंमध्ये पिंजऱ्यात अडकवलेल्या सहा पोलादी गोळ्या. सगळी करामत त्या पिंजऱ्याची आहे. दांडे कितीही कोनात वळले तरी गोळ्या त्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळीत राहतात. दोन्ही दांडे त्या पातळीशी सारखाच कोन करतात, त्यामुळे एका बाजूचा वेग दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा उतरतो. 1959 मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या मिनीने याच घराण्यातला सांधा लाखो गाड्यांत नेला. आपल्याकडे डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहू लागली. त्याबरोबर हा बूटही आला.

प्रत्येक पुढच्या चाकाला असे दोन सांधे असतात. चाकाकडचा, वर सांगितलेला, चाळीस अंशांच्या पुढेही वळू शकतो. गिअरबॉक्सकडचा तेवढा वळत नाही, पण आत-बाहेर सरकतो, कारण चाक वर-खाली झालं की दांड्याची लांबी कमी-जास्त व्हावी लागते. बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत गोळ्यांऐवजी तीन रोलर असतात. दोन्हींवर बूट असतो, आणि चाकाकडचा बहुधा आधी फाटतो. लहान गाडीचं चाक किलोमीटरला साडेपाचशे ते सहाशे फेरे घेतं, आणि वळणावर प्रत्येक फेऱ्यात बुटाच्या वळ्या एका बाजूला ताणल्या आणि दुसऱ्या बाजूला दाबल्या जातात. वरून ऊन, इंजिनाची धग, पावसाळ्यातला चिखल. रस्त्यावर पडलेली प्लास्टिकची सुतळी दांड्याला गुंडाळली गेली तर ती एका दिवसात रबर कापून काढते. रबर आधी कडक होतं, मग वळीच्या तळाशी बारीक भेगा पडतात, आणि एक दिवस त्यातली एक आरपार जाते.

पुढचं काम फिरण्याचा जोरच करतो. आतलं ग्रीस भेगेतून बाहेर फेकलं जातं, आणि कोकणातली लाल माती असो की पुण्याच्या बांधकामांची वाळू, ती त्याच वाटेने आत जाते. ग्रीसमध्ये कालवलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. सांधा किती दिवसांत जाईल हे पावसावर आणि रस्त्यावर ठरतं. कोरड्या शहरी रस्त्यावर काही आठवडे निभतं. भर पावसात कच्च्या रस्त्याला गाडी घातली तर एवढी सवलत मिळत नाही.

फाटलेला बूट ओळखायला गाडी उचलावी लागत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि चाकाच्या मागे टॉर्च मारा. रिमच्या आतल्या बाजूवर, मडगार्डच्या आत, कधी ब्रेकच्या कॅलिपरवर काळ्या ग्रीसची शिंतडलेली रेघ दिसली की निदान झालं. ही रेघ साधारण वर्तुळाकार असते, कारण ग्रीस फिरत्या चाकासोबत उडालेलं असतं. इंजिन ऑइलची गळती वरून खाली ओघळते. ती वेगळी दिसते.

याहून महत्त्वाची परीक्षा कानाची. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवा, थोडा ॲक्सिलेटर देत. दोन्ही बाजूंनी. कट-कट-कट असा चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा आवाज आला, तर बूट बदलण्याचा बेत तिथेच सोडा. गोळ्यांनी चऱ्यांत खळगे पाडले आहेत आणि नवा बूट ते भरून काढणार नाही. अशा वेळी सांधा किंवा अख्खा ड्राइव्ह शाफ्ट बदलायचा. अनेक जण याच टप्प्यावर नवा बूट आणि भरपूर ग्रीस घालून घेतात, चार दिवस आवाज दबतो, आणि मग तेच काम पुन्हा, दुप्पट खर्चात. आवाज नसेल तर मात्र घाई करा.

सामान साधं आहे. आपल्या मॉडेलचं बूट किट, म्हणजे बूट, दोन क्लिपा, ग्रीसची पिशवी आणि नवी सर्क्लिप. ॲक्सलचा नवा नट. 30 किंवा 32 मिलिमीटरच्या आसपासची गोटी (आपल्या गाडीची तपासून घ्या), लांब हँडल, टॉर्क रेंच, हातोडा, पितळेचा दांडा, टॉमी, पक्कड आणि दोन मजबूत जॅक स्टँड. शेवटच्या वस्तूबाबत तडजोड नाही. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नये, आणि विटांच्या भरवशावर तर मुळीच नाही; वीट इशारा न देता फुटते. शाफ्ट न काढता चढवता येणारे, मधून चिरलेले आणि चिकटवायचे बूटही बाजारात मिळतात. अडल्या वेळी ठीक, पण तो चिकटवलेला जोडच पहिल्यांदा उघडतो. मी त्यांची शिफारस करत नाही.

पहिलं काम गाडी जमिनीवर असतानाच. ॲक्सलचा नट प्रचंड आवळलेला असतो. लहान गाड्यांत दीडशे-दोनशे न्यूटन-मीटर ही नेहमीची गोष्ट. म्हणजे मीटरभर लांब पाइप लावून त्याच्या टोकाशी पंधरा-वीस किलोंचं वजन टांगावं, तेवढा जोर. गाडी स्टँडवर असताना असा जोर लावला तर ती खाली येऊ शकते. म्हणून हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, कोणाला तरी ब्रेक दाबून बसवायचं. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची आणि मग नट फक्त ढिला करायचा. नट पूर्ण काढल्यावर गाडी ढकलायचीही नाही. या नटाच्या दाबावरच चाकाचं बेअरिंग धरलेलं असतं.

मग गाडी वर, स्टँड खाली, चाक बाहेर.

आता चाकाचा नकल, म्हणजे हब आणि ब्रेक ज्यावर बसवलेले असतात तो ओतीव तुकडा, बाहेरच्या बाजूला एवढा ओढायला हवा की शाफ्टचं टोक हबमधून निसटेल. दोन वाटा आहेत. एक, शॉक ॲब्सॉर्बरला नकल धरणारे दोन बोल्ट काढायचे. सोपं आहे, पण बऱ्याच गाड्यांत त्यामुळे चाकाचा कल बदलतो आणि नंतर अलाइनमेंट करावी लागते. दुसरी वाट मला जास्त पसंत, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचा. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत त्याची खुंटी नकलमध्ये एका आडव्या बोल्टने चिमटलेली असते. हा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, कारण तो खुंटीच्या खाचेतून गेलेला असतो. पूर्ण बाहेर काढा, मग आर्म टॉमीने खाली दाबा, खुंटी सुटते. दोन्ही वाटांवर ब्रेकच्या रबरी नळीला आणि एबीएसच्या वायरीला ताण बसणार नाही हे पाहायचं. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं आहे, तेव्हा ही बारीक वायर बहुतेक अलीकडच्या गाड्यांत भेटेलच. कॅलिपर काढावा लागला तर तारेने वर टांगा. नळीवर लोंबकळत ठेवू नका.

शाफ्ट हबमध्ये गंजून बसला असेल तर नट उलटा करून टोकाशी सपाट लावा आणि मग ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. बाहेर आला की गिअरबॉक्सकडचं टोक. इथे शाफ्टला धरून खेचणं हा मोह टाळायलाच हवा, कारण आतला सांधा सरकता असल्यामुळे तो गिअरबॉक्समधून न निघता स्वतःच आत सुटून येतो. गिअरबॉक्स आणि सांध्याचं कवच यांच्या फटीत टॉमी घालून बेताने उचकटायचं. तेल सांडतं, म्हणून आधी ड्रेन करून घ्या किंवा खाली पसरट भांडं ठेवा, आणि ऑइल सीलच्या ओठाला ओरखडा पडू देऊ नका. दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकदम काढू नयेत. काही गिअरबॉक्समध्ये त्यामुळे डिफरन्शिअलची आतली चाकं जागची हलतात आणि मग खरोखरच गॅरेज गाठावं लागतं.

शाफ्ट टेबलावर आला. लाकडाचे तुकडे लावून व्हाइसमध्ये पकडा, चाकाकडचा सांधा थोडा खालच्या दिशेला, आणि जुना बूट कापून टाका. इथे थांबून ग्रीस बघायचं. चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळा. मुळात ते काळं असतं, कारण त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं. काळेपणाला घाबरायचं कारण नाही. ते गुळगुळीत लागलं तर सांधा वाचला. करकरलं तर माती आत गेली आहे. करडं-तपकिरी आणि दुधाळ दिसलं तर पाणी. आणि उन्हात धरल्यावर त्यात बारीक चकाकणारे कण दिसले, तर ते सांध्याचंच झिजलेलं पोलाद आहे.

चाकाकडचा सांधा शाफ्टवरून काढणं हा या कामाचा सगळ्यात बिचकवणारा क्षण. बहुतेक गाड्यांत शाफ्टच्या टोकाशी एका खाचेत तारेची छोटी गोल सर्क्लिप असते, आणि ती चांदणीच्या आत फुगून बसलेली असते. पितळेचा दांडा चांदणीवर टेकवायचा, पिंजऱ्यावर नाही आणि घंटेच्या काठावरही नाही, आणि एकच सरळ, दमदार ठोका द्यायचा. भीत भीत दिलेले वीस ठोके सर्क्लिपला आणखी अडकवतात. काही गाड्यांत मात्र कानांची सर्क्लिप असते, ती पकडीने फाकवल्याशिवाय सांधा ठोकून निघतच नाही. ग्रीस पुसून आधी बघून घ्या.

सुटा सांधा डिझेल किंवा रॉकेलमध्ये धुवा, अनेकदा, स्वच्छ निघेपर्यंत. पेट्रोल वापरू नका, बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ धोक्याची. मग चांदणी एका बाजूला तिरकी केली की विरुद्ध बाजूची गोळी वर येते आणि तिचा चरा उघडा पडतो. असे सहाही चरे उजेडात पाहायचे. गोळीच्या वाटेवर चकचकीत पट्टा दिसणं स्वाभाविक आहे. नखाला अडकणारा खळगा किंवा उडालेला टवका दिसला तर सांधा बाद. पिंजऱ्याच्या खिडक्यांत गोळ्या घट्ट असाव्यात. सैल झाल्या की कट-कट तिथूनही येते. एक जुनी युक्ती ऐकायला मिळते, डावा-उजवा सांधा अदलाबदल करण्याची. पुढे जाताना चऱ्याची एकच कड झिजते, बाजू बदलली की दुसऱ्या, कोऱ्या कडेवर भार येतो. तत्त्व खरं आहे, पण दोन्ही बाजूंचे सांधे एकसारखे असतील तरच, आणि झीज थोडी असेल तरच.

सांधा पूर्ण वाळू द्या. आत राहिलेलं रॉकेल नवं ग्रीस पातळ करतं. शाफ्टच्या दातेरी टोकाला इन्शुलेशन टेप गुंडाळा, नाहीतर नवा बूट चढवताना दाते रबर आतून कापतात. आता क्रम महत्त्वाचा. छोटी क्लिप, मग बूट, मग मोठी क्लिप, मग टेप काढून नवी सर्क्लिप, आणि सगळ्यात शेवटी सांधा. सांधा बसल्यावर टेबलावर छोटी क्लिप दिसली, तर पुन्हा हातोडा. सर्क्लिप खाचेच्या मध्यावर धरून सांधा सरळ ठोकायचा, 'टक्' असा आवाज येतो. मग जोर लावून बाहेर ओढून पाहायचं. निघता कामा नये.

ग्रीस किटमधलंच आणि सगळं. पिशवीतलं वजन सांध्याच्या मापाने ठरवलेलं असतं. निम्मं बोटाने गोळ्यांच्या मधे दाबून भरायचं, उरलेलं बुटात. चाकाच्या बेअरिंगचं डब्यातलं ग्रीस चालतं का, असं नेहमी विचारलं जातं. चालत नाही, इथे धातूवर धातू घासटतो आणि मॉलिब्डेनमचा थर तिथेच कामाला येतो. आतल्या, सरकत्या सांध्याचं ग्रीस बऱ्याचदा वेगळं असतं, तेव्हा दोन्ही बूट बदलत असाल तर पिशव्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

बुटाच्या दोन्ही कडा आणि त्यांच्या खाचा कोरड्या पुसा. ग्रीस राहिलं तर क्लिप कितीही आवळली तरी बूट सरकतो. बूट ना ताणलेला ना चेपलेला, अशा सहज स्थितीत ठेवा आणि छोट्या कडेखाली बोथट स्क्रू ड्रायव्हर सरकवून आतली हवा फुस्स करून सोडा. ही हवा राहिली तर गरम झाल्यावर बूट फुगतो, आणि उलट आत पोकळी झाली तर वळ्या आत ओढल्या जाऊन एकमेकींवर घासतात. मग क्लिपा, कानाच्या असतील तर पक्कडीने कान पूर्ण मिटेपर्यंत. रस्त्याकडेला बांधकामाची तार गुंडाळून काम भागवलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे. ती तार रबर कापते. प्लास्टिकचा टायही उष्णतेने सैल पडतो.

जोडणी उलट क्रमाने, त्यात विशेष काही नाही. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये ढकलताना आतली क्लिप बसल्याचा धक्का हाताला जाणवला पाहिजे. बॉल जॉइंटचा बोल्ट खाचेतून आरपार. नवा नट गाडी जमिनीवर आणल्यावर, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने, आणि मग त्याची कड खाचेत ठोकून. गिअरबॉक्सचं तेल पातळीपर्यंत भरायला विसरू नका. सांध्यापायी गिअरबॉक्स घालवण्यात शहाणपण नाही. कॅलिपर काढला असेल तर निघण्यापूर्वी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबा. धुतलेलं काळं रॉकेल गटारात ओतायचं नाही. गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा डबा असतो, तिथे द्या.

एवढं वाचून कुणी म्हणेल, हे काम मेकॅनिकला द्यावं की स्वतः करावं? जॅक स्टँड, टॉर्क रेंच आणि एक अख्खा मोकळा दिवस असेल तर स्वतः करा. नसेल तर गॅरेजला द्या, पण काढलेला सांधा धुऊन दाखवायला सांगा आणि चरे स्वतः पाहा. पुढच्या वेळी पंक्चर काढायला पुढचं चाक निघेल, तेव्हा आत वाकून दोन्ही बुटांच्या वळ्या बोटांनी उघडून बघा. बारीक भेग दिसली तर आरपार जाण्याची वाट पाहू नका.